चार दिवसांचा हिरवा

कुणी मंत्री येणार आहे का,
खालून पोरांनी विचारलं,
म्हणून डोंगराला रंग मारताय?

मी नळीच्या तोंडाशी होतो.
भुवयांवर, बंडीवर, डबा उघडला तर चपातीवरही
तोच पोपटी चिखल.
म्हटलं, रंग नाही रे, बी आहे.
कुणाला पटलं नाही.
मलाही पहिल्या वर्षी पटलं नव्हतं.

टाकीत काय असतं सांगतो:
पाणी, गवारीचा गोंद, खत,
रद्दीचा लगदा, आणि गोणीतलं गवताचं बी
ज्याचं नाव आमच्या जोसेफ सुपरवायझरलाही नीट घेता येत नाही.
रंग एवढ्यासाठीच
की कुठं मारलं, कुठं राहिलं ते दिसावं.
चार दिवसांत उडतो.
लगदा भिजताना कधी अर्धी ओळ वर येते,
‘दरड कोसळून’, एवढीच,
मग पातं फिरतं नि ती गोंदात जाते.

असल्फ्याच्या मागची ही टेकडी.
घरं इथं दहीहंडीच्या थरांसारखी उभी होती,
खालच्याच्या पत्र्याला वरच्याचं जोतं.
मग खालचा थर हलला.
उरलेल्यांना माहुलला खोल्या मिळाल्या.
भिंत बांधायला पैसे पुरले नाहीत,
म्हणून उतारावर काथ्याची जाळी ठोकून
आम्हाला बोलावलं.

तिसऱ्या दिवशी सरूबाई इंगवले आल्या,
माहुलहून, दोन बस बदलून.
बराच वेळ नुसत्या वर बघत राहिल्या.
मग हात लांबवून म्हणाल्या,
त्या वाकड्या खडकाच्या डाव्या अंगाला, थोडं खाली,
तिथं माझा ओटा होता.
शेगडी इकडं, पाण्याचा पिंप तिकडं.
तिथं जरा हळू मार.

पदराची गाठ सोडली. मूठभर नाचणी,
पाटणहून भावानं पाठवलेली.
हीपण टाक, म्हणाल्या.
जोसेफ चहाला गेला होता.

हळू मारता येत नाही.
पंप एकाच जोरानं ढकलतो,
नळीला दोन माणसं लागतात,
नाहीतर ती माणसालाच फरफटत नेते.
हे त्यांना सांगितलं नाही.
मी नि बबन्यानं नळी आभाळाकडं केली,
इतकी, की धार वर जाऊन फुटावी
आणि ओट्यावर नुसते शिंतोडे पडावेत.
त्या बघत होत्या.
जाताना पाण्याची बाटली मागितली, तेवढंच.

गुरुवारी रंग उडाला.
डोंगर पुन्हा विटकरी.
पोरं म्हणाली, बघा, सांगत नव्हतो?
आम्ही रोज टँकर आणून त्या विटकरीवर पाणी मारत राहिलो.
नवव्या दिवशी सकाळी कडेनं पाहिलं तर
दोन दिवसांच्या दाढीएवढं काहीतरी.
उत्तरेच्या कोपऱ्यात मात्र काही आलं नाही,
तिथं मातीखाली कुणाच्या तरी न्हाणीची लादी आहे.
तेवढं टक्कल राहिलं.

बिल पास करायच्या आधी
साहेबांनी मोबाइलवर फोटो मोठा करून विचारलं,
हे मधे मधे काय? तण का?

खडकाच्या डावीकडं होती ती, थोडं खाली.
पण उजवीकडंही होती, वर होती,
पार तळाच्या गटारापर्यंत होती,
कारण टाकीत एकदा घुसळलं
की बी कुणा एकाच्या ओट्यावर थांबत नाही.
ज्या ज्या घराचा पत्ता आता फक्त माती आहे
त्या सगळ्यांवर थोडी थोडी नाचणी.

असेल, साहेब, मी म्हटलं.
मुळं धरतात.

पौषात कणसं मुठीसारखी वळली.
दोराशिवाय तिथं कुणी जाऊ शकत नाही.
चिमण्या जातात.

सरूबाईंना फोन लावला.
आधी त्यांनी विचारलं, माती थांबली का?
मग, कणीस कसंय?
म्हटलं, वळलंय.
बरं, म्हणाल्या.
इथं खिडकीत डब्यात टाकली होती,
नाही आली.